आरएसओ अण्णा

अण्णांच्या शर्टावरचा बिल्ला बघून नवख्या पेशंटला ते एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर वाटत. निवडणुकीच्या दिवसांत तोच बिल्ला पक्षाचा ठरे आणि ‘‘कुठल्या गटाचे तुम्ही?’’ असंही कुणीतरी विचारून जाई. ‘‘भारत सरकारच्या,’’ अण्णा सांगत. हे काही पूर्ण खरं नव्हतं. अण्णा हाडांच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन. पगार डॉक्टर द्यायचे, तोही दहा तारखेनंतर. पण त्या दवाखान्यातल्या एका खोलीपुरतं केंद्र सरकार म्हणजे आपणच, याबद्दल अण्णांना कधी शंका आली नाही.

असे अण्णा विट्याला आहेत, बार्शीला आहेत, फलटणलाही असणार. एक्स-रेच्या खोलीबाहेर कुणीतरी कुणावर तरी ओरडत असतो ना, ते हेच. फक्त आमचे अण्णा जरा अस्सल.

तर बिल्ला. तो टीएलडी बॅज. प्लॅस्टिकच्या डबीत एक कार्ड, कार्डावर तीन चकत्या. अंगावर किती रेडिएशन पडलं याची नोंद त्या चकत्यांमध्ये गुपचूप साठत राहते. दर तीन महिन्यांनी कार्ड लॅबमध्ये जातं, नवं येतं आणि मागाहून एक कागद येतो. त्यावर प्रत्येकाचं नाव, नावापुढे डोस. हा कागद अण्णा स्टाफला जमवून मोठ्याने वाचत. ‘‘सिस्टर, शून्य. अभिनंदन. मी, शून्य.’’ शून्य मिळाला म्हणून पेढे आणणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

डॉक्टरांच्या नावापुढचा शून्य मात्र त्यांना खपत नसे. डॉक्टर रोज सी-आर्मचं एक्स-रे मशीन लावून लोकांच्या मांड्यांत सळया घालणार आणि कागदावर शून्य? ‘‘साहेब, तुमचा बॅज असतो कुठं?’’ बॅज ड्रॉवरमध्ये, जुन्या दिवाळी ग्रीटिंगांच्या खाली. अण्णांनी इतका पिच्छा पुरवला, की डॉक्टरांनी वैतागून बॅज आपल्या शिशाच्या एप्रनला आतून कायमचा अडकवून टाकला. पुढच्या तिमाहीत असा काही आकडा आला, की खुलासा मागणारं पत्र आलं. चौकशीअंती कळलं ते असं : डॉक्टर कॉन्फरन्सला महाबळेश्वरला गेलेले, एप्रन बॅजसकट ओटीत सी-आर्मच्या शेजारी टांगलेला, आणि बाहेरून आलेले सर्जन त्याच्यापुढे धडाधड केसेस करत होते. माणूस स्ट्रॉबेरी खात होता, बॅज एक्स-रे खात होता. ‘‘एका ओळीत लिहून टाका हो,’’ डॉक्टर म्हणाले. अण्णांनी तीन पानं लिहिली. सोबत ओटीचा नकाशा जोडला. खुंटी बाणाने दाखवली.

अण्णा आरएसओ, म्हणजे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, झाले तेही डॉक्टरांच्याच हलगर्जीपणातून. ‘‘फॉर्मवर कुणाचं तरी नाव लागतंय, तुमचं टाकतो.’’ असं नाव लागलेला माणूस सहसा सही करून मोकळा होतो. अण्णांनी आधी कर्तव्यं वाचली, मग सही केली. डॉक्टरांच्या मनःशांतीचा तो शेवटचा दिवस.

त्याआधी दवाखान्याकडे कसला कागदच नव्हता. एक्स-रे मशीनवर देखरेख कुणाची, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची. 1983 साली स्थापन झालेलं हे मंडळ अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात बसतं आणि तारापूरच्या अणुभट्टीकडे बघतं. तेच मंडळ एसटी स्टँड आणि रसवंतीगृहाच्या मधल्या आपल्या खोलीकडेही बघणार, हे डॉक्टरांच्या पचनी पडेना. ‘‘मी काय बॉम्ब करतोय का इथं?’’

2012 मध्ये कॅगचा अहवाल आला तेव्हा अण्णांनी पेपरातलं कात्रण डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. देशात 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रं, त्यातली 52,173 नोंदणीशिवाय चाललेली.

‘‘साहेब, 91 टक्के लोक विनानोंदणी आहेत. त्यात आपण.’’

‘‘मग बहुमत आहे की आपलं!’’

‘‘साहेब, दंड आहे.’’

‘‘किती?’’

अण्णांचा आवाज इथे खाली आला. कॅगनेही त्याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. नियमांत दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये. डॉक्टरांनी पाकिटाला हात घातला. ‘‘हे घ्या. पुढच्या वर्षीचेही भरून टाका.’’

अण्णांना खरी बोच होती वेगळीच. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितलं होतं, की एक्स-रेवर लक्ष ठेवायला प्रत्येक राज्यात रेडिएशन सुरक्षा संचालनालय उभं करा. अकरा वर्षांनी कॅगने पाहिलं, तर 28 राज्यांपैकी दोघांनीच मनावर घेतलेलं, केरळ आणि मिझोराम. ‘‘केरळचं एक वेळ समजू शकतो,’’ अण्णा चहाच्या टपरीवर म्हणाले, ‘‘पण मिझोराम? आणि आपण शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगायच्या?’’ टपरीवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण महाराजांचं नाव निघाल्यामुळे त्याने मान हलवली.

पुढे मंडळाने सगळा कारभार ऑनलाइन आणला, ई-लोरा नावाच्या पोर्टलवर. अर्जात मालक म्हणून डॉक्टर, त्यांचाच ईमेल, आणि त्या ईमेलचा पासवर्ड फक्त पुण्याला शिकणाऱ्या लेकीला ठाऊक. ती परीक्षेत. अण्णा रोज संध्याकाळी तिला फोन करत, ‘‘बेबीताई, पेपर कसा गेला?’’ असं विचारत आणि मग मुद्द्यावर येत. दरम्यान त्यांनी खोली टेपने मापली. भिंत नऊ इंची विटेची आहे का, हे बघायला प्लास्टर उकरलं. खिडकी जमिनीपासून दोन मीटरच्या वर पाहिजे, ती खाली होती. बुजवून वर घेतली. तिथून आपल्या म्हातारीची हाडं बघायची नातेवाइकांची सोय गेली. तरी हौशी लोक नातवाला खांद्यावर घेऊन काही दिवस प्रयत्न करत होते. मशीनची चाचणी झाली, कागद चढले, आणि अखेर नोंदणी आली. अण्णांनी ती लॅमिनेट करून राँटगेनच्या शेजारी लावली.

राँटगेनचा फोटो आधीपासूनच होता. 8 नोव्हेंबर 1895 रोजी त्यांना वुर्ट्झबर्गच्या प्रयोगशाळेत हे किरण सापडले, म्हणून दर 8 नोव्हेंबरला अण्णा फोटोला हार घालत. दाढी भरघोस, नजर करारी. त्यामुळे बाहेरगावचे पेशंट हे कुणीतरी स्वामी आहेत असं समजून चपला काढून नमस्कार करत आणि फोटोच्या चौकटीत दोन-पाच रुपये खोचून जात. अण्णा ते पैसे एका डब्यात टाकत आणि त्यातून खोलीबाहेरच्या लाल दिव्याचे बल्ब आणत. राँटगेननी पेटंटसुद्धा घेतलं नव्हतं, त्यांचा पैसा त्यांच्याच कामाला लागावा, हा हिशेब.

तो लाल दिवा हा आणखी एक विषय. मशीन चालू असताना तो लागला पाहिजे, आणि तो लागला असताना आत यायचं नाही. इतकी साधी गोष्ट. पण आमच्या गावात बंद दारासमोर माणूस थांबला तर त्याला स्वतःचाच अपमान वाटतो. ‘‘मी सरपंचांचा भाऊ’’ असं म्हणत लोक दार ढकलत. ‘‘किरणांना सरपंच ओळखू येत नाही,’’ अण्णा आतून ओरडत. एका गणेशोत्सवात बल्ब गेलाच. अण्णांनी गणेश मंडळाच्या मांडवात जाऊन बाप्पाच्या मागच्या प्रभावळीत तो बरोबर ओळखला, आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवल्या आणि प्रसादाबरोबर बल्बही घेऊन आले.

बायकांच्या बाबतीत त्यांची अडचण मोठी होती. वयात आलेल्या प्रत्येक बाईला एक्स-रेआधी विचारायला हवं, दिवस गेलेत का. तशी पाटी मराठीत लावली होती, पण पाट्या वाचायच्या असतात हे आपल्याकडे कुणी मानत नाही. म्हणून अण्णा विचारत, आणि अण्णांचा आवाज शिसं लावलेल्या दारातून पलीकडे पोचवायच्या सवयीने तयार झालेला. एकदा मनगट सुजलेली एक सून आली, सोबत सासू.

‘‘ताई, पाळी कधी आली होती?’’

बाकावरचे सगळे गप्प. सून मान खाली घालून बसलेली. उत्तर सासूने दिलं. ‘‘चार वर्षं झाली लग्नाला, काय नाय अजून. तुम्हीच विचारा की जरा तिला.’’

‘‘आजी, मी त्यांना विचारतोय.’’

सून अगदी हळू म्हणाली, ‘‘दहा-बारा दिवस वर गेल्यात.’’

अण्णांनी कॅसेट खाली ठेवली. मनगटाच्या एक्स-रेने पोटातल्या बाळाला पोचणारा डोस नगण्य असतो, हे त्यांना पाठ होतं. तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हेही पाठ होतं. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली. तासाभराने मनगटाची आठवण कुणालाच उरली नव्हती. सासू बाकावरच्या अनोळखी माणसांना साखर वाटत होती. एक्स-रे नंतर झाला, पोटावर एप्रन ठेवून, आणि हाड मोडलेलं नव्हतं. पण गावात बातमी फिरली ती अशी, की एक्स-रेवाले अण्णा मशीन न लावता, नुसतं तोंडाकडे बघून सांगतात. पुढे कितीतरी दिवस काहीही न मोडलेल्या बायका दुपारच्या वेळी येऊन अण्णांसमोर नुसत्या बसून राहत. अण्णा घामाघूम.

त्यांचं ओरडणं ज्यांना रोज ऐकावं लागे, त्यात पहिला नंबर मावशींचा. मावशी दवाखान्यातली प्रत्येक वस्तू घडी घालून ठेवणाऱ्या. शिशाचा एप्रनही त्यांनी घडी घालून, वर चादर ठेवून कपाटात बसवला.

‘‘मावशी, याची घडी घालायची नाही!’’

‘‘मग काय इस्त्री करू?’’

घडी पडली की आतल्या शिशाच्या थराला भेग पडते, भेगेतून किरण जातात आणि वरून काही दिसत नाही. हे मावशींना पटवण्यासाठी अण्णांनी एप्रनचाच एक्स-रे काढला. नियमाप्रमाणे तो अधूनमधून काढायचाच असतो, पण अण्णांनी तो साग्रसंगीत काढला. रजिस्टरमध्ये नोंद : ‘नाव – एप्रन नं. 2. वय – 6 वर्षे. तक्रार – घडी.’ फिल्म धुऊन निघाली, आणि मधोमध काळी रेघ. मावशींनी ती खिडकीशी धरून बघितली, तोंडाला पदर लावला आणि विचारलं, ‘‘दुखत असंल का हो?’’ फिल्म चुकून डॉक्टरांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात गेली. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांनी ती बघितली, रेघेवर पेन फिरवलं आणि मान वर न करता म्हणाले, ‘‘प्लास्टर घाला, तीन आठवड्यांनी बोलवा.’’

खरा संघर्ष मात्र झाला तो डॉक्टरांच्या भाच्यावरून. भाचा बारावीनंतर रिकामा होता, मोबाइल फार चांगला चालवायचा. डॉक्टरांना वाटलं, अण्णांचं वय झालं, याला शिकवून ठेवावं. ‘‘बटण तर दाबायचं आहे, त्याला डिप्लोमा कशाला?’’

अण्णा क्षणभर थांबले. ‘‘बरोबर आहे साहेब. मग उद्यापासून भूल पण त्यालाच द्यायला सांगू? सुई तर टोचायची आहे.’’

भाचा परत मोबाइलकडे वळला. त्याने एकदाच, अण्णा जेवायला गेले असताना, एका पैलवानाच्या घोट्याचा एक्स-रे काढला होता. पहिला हलला, दुसरा काळा आला, तिसऱ्यात घोटाच नव्हता. अण्णांच्या लेखी परत काढावा लागलेला एक्स-रे म्हणजे गुन्हा. पेशंटला फुकटचा डोस आणि दवाखान्याला फुकटची फिल्म. खरं तर छातीच्या एका एक्स-रेत जेवढं रेडिएशन मिळतं, तेवढं माणसाला जमिनीतून आणि आकाशातून काही दिवसांत आपोआपच मिळतं. पेशंटने घाबरू नये म्हणून अण्णा हे त्याला सांगत आणि स्टाफला सांगत नसत. मला हा दुटप्पीपणा मान्य आहे. ‘काय होतंय त्याला!’ हे वाक्य ज्या गावात हेल्मेटपासून पुलाच्या कठड्यापर्यंत सगळ्यांना लागू होतं, तिथे ते आणखी एका खोलीत शिरू नये यासाठी एक खडूस माणूस ठेवावाच लागतो.

स्टाफला घाबरवण्याचा हा कार्यक्रम एकदा त्यांच्याच अंगाशी आला. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं उपकरण फोडलं गेलं होतं. दिल्ली विद्यापीठाने ते लिलावात काढलेलं, आत कोबाल्ट-60. काही माणसं भाजली, एकाचा जीव गेला. ही हकीकत अण्णांनी आमच्या भंगारवाल्याला इतक्या वेळा सांगितली होती, की त्याने दवाखान्यासमोरून हातगाडी न्यायची बंद केली. पुढे दवाखान्याने नवं मशीन घेतलं आणि जुनं भंगारात द्यायची वेळ आली. अण्णांनी मंडळाला रीतसर कळवलं, ट्यूब निकामी केली, कागद पुरे केले आणि भंगारवाल्याला बोलावलं.

तो रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. ‘‘अण्णा, मला दोन पोरी आहेत.’’

‘‘अरे, ते कोबाल्ट वेगळं! यात तसलं काही नसतं. वीज बंद, की किरण बंद. हे नुसतं लोखंड आहे.’’

‘‘मग इतकी वर्षं घाबरवलं कशाला?’’

अण्णा हयातीत पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडून सांगत होते, की एक्स-रे मशीन निर्धोक आहे. बाकावरचे पेशंट, सिस्टर, डॉक्टर, रसवंतीवाला सगळे ऐकत होते. ‘‘मग आता दार उघडं ठेवू का अण्णा?’’ भाच्याने संधी साधली. शेवटी अण्णांनी मशीनला मिठी मारून दाखवली तेव्हा सौदा झाला, तोही किलोला दोन रुपये कमी करून.

मंडळाच्या तपासणीची ते भाऊबीजेला भावाची वाट बघणाऱ्या बहिणीसारखी वाट बघत. देश केवढा, खोल्या किती, तपासणारे मोजके. पण एक दिवस खरोखरच दोघे जण आले. डॉक्टरांनी थंड मागवलं. भाचा मागच्या दाराने गेला. अण्णा फाइल घेऊन पुढे झाले, आणि साहेबांनी काही विचारायच्या आत आपल्याच दवाखान्याविरुद्धची यादी वाचायला लागले : डॉक्टरांचा बॅज, मावशींची घडी, दिव्याचं कनेक्शन. सतराव्या मुद्द्याला तपासणीस म्हणाले, ‘‘हे सगळं दुरुस्त झालेलं दिसतंय की.’’

‘‘झालंय साहेब. पण तुमच्या कानावर असावं.’’

शेरा चांगला आला. डॉक्टर दोन दिवस अण्णांशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी, दहा तारखेच्या आत, पगार दिला.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा अण्णांनी काम थांबवलं. बॅज जमा केला, पोर्टलवरून नाव काढून घेतलं आणि नोकरीभरात मिळालेल्या डोसचा उतारा मागून घेतला. तो घरी देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे. सून आल्या-गेल्याला सांगते, ‘‘बाबांच्या फंडाचे कागद आहेत.’’

मध्यंतरी खोकला हटेना म्हणून फिजिशियननी छातीचा एक्स-रे सांगितला. स्टँडजवळच्या नव्या सेंटरला मी त्यांच्याबरोबर गेलो. एसी, काचेचे दरवाजे, फिल्म नाही, सगळं डिजिटल. अण्णांनी आधी भिंतीवरचा परवाना शोधला, खिशातून चष्मा काढून मुदत बघितली आणि मगच पैसे भरले. आतला पोरगा हसरा होता, डिप्लोमावाला. छातीवर बिल्लाही होता. अण्णांनी तो दोन बोटांनी नीट सरळ केला.

‘‘काका, छाती इथं टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढं. आता मोठा श्वास घ्या... धरून ठेवा...’’

अण्णांनी श्वास धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना धरायला लावलेला. आणि तेवढ्यात त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की दाराला वीतभर फट आहे आणि फटीतून एक लहान मुलगा आत बघतोय. बोलावं तर श्वास सुटणार. त्यांनी डावा हात हलवला. मशीनवरच्या पोराच्या लक्षात येईना. मग डोळे मोठे केले, उजवा हात हलवला, चेहरा लाल झाला आणि शेवटी बांध फुटला :

‘‘दार!’’

मशीनने पीप केलं.

‘‘हललात काका,’’ पोरगा स्क्रीनकडे बघत म्हणाला. ‘‘परत काढायला लागेल.’’

अण्णा एक्स-रेच्या स्टँडपासून मागे आले. एका हाताने पायजमा सावरत दारापर्यंत गेले, मुलाला त्याच्या आईकडे दिलं, दार लावलं, परत उघडून बाहेर डोकावून वर पाहिलं, पुन्हा लावलं. मग येऊन छाती टेकवली, हनुवटी वर केली, खांदे स्वतःच पुढे घेतले.

‘‘मोठा श्वास घ्या काका...’’

‘‘श्वासाचं मी बघतो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तू बाहेरच्या दिव्याचं बघ.’’